पेअर फुटत नसते

लांजेवार काकाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका बाईला दुकानातून हाकलताना. बाई चांगल्या घरची होती, अंगावर भरजरी साडी. आदल्या दिवशी कुणाच्या तरी लग्नात तिची एक सँडल हरवली होती आणि तिला तशीच, त्याच रंगाची, फक्त डाव्या पायाची हवी होती. "दोन्हीचे पैसे घ्या, उजवी तुमच्याकडेच राहू द्या," असंही ती म्हणत होती. काकाजींनी बॉक्सवर झाकण दाबून बसवलं आणि सांगितलं, "बाई, पेअर फुटत नसते. एक हरवली तं दुसरीबी फेकून द्या. नाही तं बिना चपलीच्या हिंडा."

मी आले होते नोकरी मागायला. हे ऐकून दारातच थबकले. पायऱ्यांवर हात जोडून उभे राहणारे दुकानदार मी नागपूरच्या सीताबर्डीत पाहिले होते, पण हातात आलेल्या गिऱ्हाइकाला असं हाडहूड करणारा माणूस आयुष्यात पाहिला नव्हता. बाई तणतणत बाहेर पडली. काकाजींनी माझ्याकडे वळून आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"साइज पाच. डावा पाय उजव्याहून थोडा मोठा हाये तुहा. काम पाह्यजे काय?"

मी नुसतीच मान हलवली. डावा पाय मोठा आहे हे तोवर मलाही माहीत नव्हतं. घरी जाऊन फरशीवर दोन्ही पाय ओले करून उमटवून पाहिले, तर खरंच मोठा होता.

दुकान व्हरायटी चौकातून आत वळलं की डाव्या हाताला. पाटीवर नाव 'दि पेअर', इंग्रजीतही आणि मराठीतही. काकाजी बुटके, पोट सुटलेलं, आवाज मात्र चौकातल्या ऑटोवाल्यांना ऐकू जाईल असा. सगळी बर्डी त्यांना काकाजी म्हणायची. मूळचे इतवारीतले. घरात पितळी भांड्यांचा पिढीजात धंदा होता. ज्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल येत नसे, त्या घरचा थोरला मुलगा उठला आणि सीताबर्डीत लोकांच्या पायांशी बसून जोडे विकायला लागला. त्यांच्या वडिलांनी म्हणे आठ दिवस अन्न सोडलं होतं. पुढे जेवायला लागले, पण या मुलाच्या पंक्तीला कधी बसले नाहीत.

आमच्याकडेही काही आरत्या ओवाळल्या नाहीत. आम्ही इंदोऱ्याचे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. चपलांच्या दुकानात नोकरी लागली असं सांगितल्यावर आई पोळी लाटता लाटता थांबली. "मेलेलं ढोर ओढणं सोडलं वं आपल्या लोकायनं," ती म्हणाली, "अन् तू चामडं विकाले चालली?" मी हे काकाजींना सांगितलं. वाटलं, ओशाळतील. ते खो खो हसले. "माह्या बापाले अन् तुह्या मायले एका खोलीत बसवलं पाह्यजे. लय जमंल दोघायचं!"

कुठल्याही जोड्यांच्या दुकानात बाहेर मांडायचा तो एकच पाय, दुसरा आत डब्यात. चोर आला तरी एका पायाचं काय करणार, असा हिशेब. काकाजी मात्र दोन्ही पाय बाहेर लावत. "एकटा जोडा कसा रडका दिसते, पाह्य बरं," म्हणत. व्हायचं तेच झालं. दुपारच्या झोपेच्या वेळी कुणी तरी तपकिरी बुटांची जोडी उचलून नेली. मला दरदरून घाम फुटला, कारण त्या वेळी दुकानात मी होते. काकाजी आले. रिकाम्या जागेकडे पाहिलं, शेजारच्या जोड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "दोन्ही नेले ना? मंग ठीक हाये. एकच नेला असता तं पोलिसात गेलो असतो." मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं यांचं. पण ते अगदी गंभीर होते आणि दिवसभर खुशीत होते.

असा माणूस 'पेअर' या शब्दाच्या प्रेमात पडला नसता तरच नवल. मराठीत जोडी आहे, जोडा आहे, जोड आहे. पण काकाजींना पेअरच लागायची. आमच्याकडे एक निवृत्त इंग्रजीचे प्राध्यापक यायचे, गुडघे दुखायचे म्हणून मऊ तळव्याचे बूट घ्यायला. एकदा ते बोलता बोलता म्हणाले की इंग्रज लोक पॅन्टलाही पेअर म्हणतात. एका पॅन्टला. काकाजींच्या हातातून बूट चढवायचं शूहॉर्न पडलं.

"एकच पॅन्ट, अन् पेअर?"

"कात्रीसुद्धा. चष्मासुद्धा. चिमटासुद्धा."

"इंग्रजाले मोजता येत नव्हतं काय सर?"

प्राध्यापक हसत गेले, काकाजींना मात्र चैन पडेना. दुकानातली कात्री त्यांनी मधला स्क्रू काढून खोलून पाहिली. दोन पाती दोन हातांत धरून उजेडात न्याहाळली. "हाव बा. पेअरच हाये. सुटी केली तं एकीनंही काही कापत नाही." इथवर सगळं छान झालं, पण कात्री पुन्हा काही जुळेना, आणि पुढे बरेच दिवस आम्ही सुतळी दातांनी तोडत होतो. त्यानंतर त्यांनी शिंप्याकडे जाऊन एक पेअर पॅन्ट सांगितली. त्यानं एकाच कापडाच्या दोन शिवल्या, कापडही मोरपंखी. काकाजी त्या दोन्ही आलटून पालटून वापरायचे आणि लोकांना वाटायचं हा माणूस कपडेच बदलत नाही.

प्राध्यापक आले की काकाजी त्यांना स्टुलावर बसवून चहा पाजत आणि या शब्दाचे आणखी अर्थ काढून घेत. दोन्ही डावांत शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाचीही पेअर होते हे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली. पण एक अर्थ ऐकून ते खरोखर हादरले. प्राध्यापक सांगत होते की इंग्रजांच्या संसदेत दोन विरुद्ध पक्षांचे सभासद आपसांत ठरवून पेअर करतात. एकाला मतदानाला येता आलं नाही, तर दुसराही येत नाही. म्हणजे कुणाचंच पारडं जड होत नाही.

"विरुद्ध पक्षाचे? म्हंजे दुश्मनायची पेअर?"

"एका परीनं तसंच."

काकाजींचा चहा कपातच निवला. संध्याकाळी काकू डबा परत न्यायला आल्या. काकू उंच, सडसडीत आणि फटकळ. दोघांचं एका वाक्यावर एकमत होत नसे. त्या दिवशी काकू भाजी उरवल्याबद्दल बोलायला लागल्या तर काकाजी मला म्हणाले, "पाह्यलं? डावा अन् उजवा सारखा असता तं मानूस चालला असता काय?" काकूंनी डब्याचं झाकण आपटून लावलं आणि विचारलं, "यातला डावा कोन ते सांगा आधी."

त्याच उन्हाळ्यात काळबांडे आले. काटोलचे संत्र्याचे बागाईतदार. उंच, रुंद खांद्यांचा माणूस, उजवा पाय मांडीपासून नाही, दोन्ही काखांत कुबड्या. कृत्रिम पाय लावून पाहिला होता पण सोसला नाही, असं ते म्हणाले. त्यांना डाव्या पायाचा चांगला बूट हवा होता. फक्त डावा. बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलंही. धाकट्या भावाला घेऊन मोटारसायकलवर नागपूरहून काटोलला जात होते. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला डुलकी लागली. भाऊ जागच्या जागी गेला. टेम्पो उलटला, ड्रायव्हरही बाहेर फेकला गेला. "लोकं येतपर्यंत आमी दोघं रस्त्यावर तोंडाले तोंड करून पडून होतो," ते म्हणाले. "त्याचं पुढं काय झालं, मले माहीत नाही. इचारलंबी नाही. पन ते तोंड मी इसरनार नाही. पुन्हा दिसू नये, एवढंच म्हन्तो."

माझे डोळे भरले होते. तेवढ्यात काकाजी म्हणाले, "पेअर फुटत नसते भाऊ."

मला कानांवर विश्वास ठेवता येईना. एक पाय गेलेल्या माणसाला हे ऐकवायचं? काळबांडे उठले, कुबड्या सावरल्या आणि पायऱ्या उतरून गेले. मी काकाजींना तोंडावर सांगितलं की मला उद्यापासून यायचं नाही. त्यांनी ऐकलंच नाही. ते पाय मोजायची लाकडी पाटी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी ते ती पाटी काखेत मारून मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथे हाडांच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर उभं राहून डावा पाय नसलेल्या माणसांना गाठायचे आणि त्यांच्या उजव्या पायाचं माप घ्यायचे. लोकांनी त्यांना वेडा ठरवलं, चौकीदारानं दोनदा हाकललं. हे सगळं नंतर त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मी मात्र कपाळाला हात लावला. पण चार दिवसांत त्यांना हवा तो आठ नंबरचा उजवा पाय मिळाला. माणसाचं नाव गुलाब, इतवारीच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे बसून काटा करायचा, म्हणजे पोती तोलायचा. काळबांडेंना निरोप गेला. डावा बूट काटोलला, उजवा इतवारीला. पेअर फुटली नाही, वाटली गेली.

मग काय, हे एक वेगळंच खातं सुरू झालं. साखरेच्या आजारानं आमच्या शहरात किती लोकांचे पाय जातात हे मला तिथे कळलं. प्रत्येकाला काकाजी दुसऱ्या पायाचा जोडीदार शोधून देत. अट एकच. नवा बूट घ्यायचा तर दोघांनी एकदम, रंग एकच, आणि एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्यालाही नाही. एका निवृत्त मास्तरांना काळाच बूट हवा होता आणि त्यांच्या जोडीदाराला, तरुण पोरगा होता तो, पांढरा स्पोर्ट. दोन महिने काकाजी दोघांमध्ये वकिली करत होते. शेवटी मास्तर पांढरा बूट घालून शाळेच्या समारंभाला गेले आणि भाषणही ठोकून आले.

पण काकाजींची लाडकी पेअर काळबांडे आणि गुलाबची. त्यांनी दोघांची गाठ कधी पडू दिली नाही. एक सकाळी आला तर दुसऱ्याला दुसऱ्या दिवशी बोलवायचे. मला वाटायचं, ही त्यांची नेहमीची लहर. इकडे काळबांडेंना आपल्या न पाहिलेल्या जोडीदाराविषयी माया वाटायला लागली होती. संत्र्याचा बहार आला की एक पिशवी दुकानात ठेवून जायचे. "माह्या उजव्या पायाले देजा," म्हणायचे. गुलाब ती पिशवी घ्यायचा, खाली मान घालून. पुढच्या खेपेला भिवापुरी मिरचीचं ताजं तिखट कागदात बांधून आणायचा. "डाव्या पायाले," एवढंच म्हणायचा. गुलाब फार कमी बोलायचा. बुटाची लेस बांधताना काकाजी त्याच्यापुढे बसले की तो भिंतीकडे पाहत राहायचा.

अशी काही वर्षं गेली. मधल्या काळात माझंही लग्न झालं. मग काळबांडेंच्या मुलीचं लग्न ठरलं. ते पत्रिका घेऊन आले, माझं नाव घातलेली मला दिली, काकाजींना दिली, आणि तिसरी हातात धरून विचारलं, "आता माह्या जोडीदाराचं नाव-गाव सांगा."

"ठेवून द्या भाऊ. मी पोचवतो."

"पोरीच्या लग्नाची पत्रिका हातात द्या लागते काकाजी. हळद-कुंकू लावून. एवढ्या वर्साचा आमचा घरोबा. तो आल्याबिगर माह्या पोरीवर अक्षता पडनार नाही."

काकाजींनी टाळायचा फार प्रयत्न केला. तो गावाला गेला आहे, बरं नाही, असं बरंच काही सांगितलं. काळबांडेंनी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि स्टुलावर ठाण मांडलं. "तो येतपर्यंत मी हलत नाही." मी काळबांडेंच्या बाजूनं बोलले. म्हटलं, काकाजी, काहून एवढं लपवून राहिले? काकाजींनी माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं. ते गल्ल्यापाशी जाऊन बसले. मग फोन उचलला आणि एकच शब्द बोलले, "ये."

मेचं ऊन होतं. गुलाब रिक्षातून उतरला, कुबड्या टेकत पायऱ्या चढला, मुठीत कुबडीबरोबरच तिखटाचं पुडकं. काळबांडे हसत वळले, हळद-कुंकू लावलेली पत्रिका पुढे केली. ते हसू तोंडावर तसंच राहिलं, आणि डोळे मात्र बदलत गेले. मला काही कळेना. गुलाबच्या हातातलं पुडकं खाली पडलं आणि तिखटाचा ठसका दुकानभर पसरला.

"तू?" काळबांडे म्हणाले.

गुलाबनं मान वर केली नाही. मला तेव्हा कळलं. मी काउंटर घट्ट धरला. ज्या ड्रायव्हरनं यांचा भाऊ मारला, त्याच्याच पायात इतकी वर्षं यांच्या जोडीचा बूट होता. याला यांनी संत्री पाठवली होती.

काळबांडे काकाजींकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"हाव. पयल्या दिवसापासून. दवाखान्यात मापच घेऊन राहिलो होतो, तवा त्यानं सांगतलं पाय कसा गेला ते."

"मंग काहून केलं तू असं?"

"तुमच्या दोघायचाच पाय जुळत होता."

काळबांडेंनी वाकून पायातला बूट काढला आणि फेकून मारला. तो काकाजींच्या कपाळावर बसला. आमच्याकडे जोड्याचा मार म्हणजे माणसाची इज्जतच गेली. गिऱ्हाइकं जागच्या जागी थिजली. काकाजींनी कपाळाला हातसुद्धा लावला नाही. काळबांडे कुबड्या घेऊन उठले आणि त्या तापलेल्या डांबरी रस्त्यावर अनवाणी एका पायानं चालत गेले. मी हाक मारली, त्यांनी वळून पाहिलं नाही.

गुलाब हळूच खाली बसला. आपला बूट काढून त्या फेकलेल्या बुटाशेजारी ठेवला. "पयल्या संत्र्यालेच मले समजलं होतं, काकाजी," तो म्हणाला. "काटोलची पिशवी, डावा पाय. तरी मी घेत गेलो. गोड लागत होती." एवढं बोलून तोही अनवाणीच गेला.

दुकानाच्या मध्यभागी ती जोडी पडली होती. घेतल्यापासून दोन्ही बूट पहिल्यांदाच एकत्र आले होते, आणि दोन्ही टाचा बाहेरच्या अंगानं सारख्याच झिजल्या होत्या. मला त्या जोडीकडे पाहवेना. मी काकाजींवर ओरडले. एरवी मी त्यांच्यापुढे आवाज चढवला नसता. "मानसं हायेत ती, काकाजी! जोडे नाहीत! काहून केलं तुमी हे?"

काकाजी गिऱ्हाइकांसाठीच्या स्टुलावर बसले होते. कपाळावर टेंगूळ आलं होतं. "चुकलं वं वंदना," ते म्हणाले. "नवा जोडा कसा पयले चावते, मंग चालून चालून पायाले बसते. मले वाटलं तसंच होईन."

चप्पल-बुटांत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणी केली असती? मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं. त्या दिवसापासून काकाजींचा आवाज खाली आला. शेजारचे दुकानदार विचारायला यायचे, तर ते कपाळावर बाम लावून जोडे पुसत बसायचे. ती जोडी त्यांनी स्वतः नवीन टाचा लावून घेतली, पॉलिश केली. एक निरोप काटोलला पाठवला, एक इतवारीला. काटोलहून उत्तर आलं की लांजेवारनं माझ्या दाराची पायरी चढू नये.

मी नवऱ्याला घेऊन लग्नाला गेले. जावं की नाही असं होत होतं, पण मुलीनं काय वाकडं केलं होतं? काटोलच्या बसस्टँडवरून मंगल कार्यालय जवळच होतं. दाराशी पोचले आणि माझी पावलंच अडली. पायरीच्या खाली, पाहुण्यांनी काढलेल्या चपलांच्या ढिगात लांजेवार काकाजी बसले होते. तीच मोरपंखी पॅन्ट. लग्नसराईच्या ऐन दिवसांत बर्डीतलं दुकान बंद ठेवून हा माणूस इथे लोकांच्या चपला जोडीजोडीनं लावत होता. काही पाहुण्यांना तो पगारी माणूस वाटला, त्यांनी हातात चिल्लर दिली. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली.

"काकाजी, उठा. हे काय करून राहिले तुमी?" मी म्हटलं. लाजेनं माझं तोंड तापलं होतं.

"पायरी चढू नको म्हन्लं त्यानं. मी पायरी चढलो काय?"

मग त्यांनी हनुवटीनंच रस्त्यापलीकडे दाखवलं. कडुनिंबाखाली गुलाब उभा होता, कुबड्यांवर, पायात पॉलिश केलेला उजवा बूट. "मी नाही आनला," काकाजी म्हणाले. "सकाळी आलो तं आधीच उभा होता. रस्ता ओलांडून इकडे काही येत नाही."

वरात जवळ आली, बँडचा आवाज यायला लागला. वरपक्षाला सामोरं जायला काळबांडे बाहेर आले. डोक्याला फेटा, पायात जुनी, मोठी, पायाला न बसणारी चप्पल. नंतर कळलं, ती त्यांच्या भावाची होती. दुसऱ्याच पायरीवर चप्पल अडकली, कुबडी घसरली. आम्ही सगळे ओरडलो. काकाजींनी खालूनच त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि कुणी तरी मागून काखेत हात घातला, म्हणून ते पडले नाहीत.

काकाजींनी पाय सोडला नाही. पिशवीतून बूट काढून पायाजवळ ठेवला. काळबांडे त्या बुटाकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर उचलली आणि रस्त्यापलीकडे गेली. गुलाबनं हात जोडले नाहीत, काही केलं नाही, नुसता उभा राहिला. बँडवाले अगदी दारात आले होते, कुणी तरी "बापूजी, चला, चला" म्हणून ओढत होतं. मला वाटलं, आता हा माणूस पुन्हा बूट उचलून मारतो.

त्यांनी पाय पुढे केला. काकाजींनी भावाची चप्पल हळूच काढून बाजूला ठेवली, बूट चढवला, लेस बांधली. काळबांडे त्यांच्या डोक्यावरून दूर कुठे तरी पाहत होते.

"त्याले म्हना, जेवून जाय," ते म्हणाले. "पन माह्यासमोर नको आनजा."

आणि ते व्याह्यांना सामोरे गेले.

काकाजी धावतच रस्ता ओलांडून गेले. गुलाबला घेऊन आले, मागच्या दारानं नेऊन पंगतीच्या टोकाला बसवलं. मी आतून पाहत होते. गुलाब ताटावर वाकून जेवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. वाढपी दोनदा भात घेऊन आला आणि दोनदा काही न वाढता पुढे गेला.

काकाजी परत आपल्या जागी येऊन बसले होते. मी ताट वाढून त्यांच्यासाठी पायरीशी घेऊन गेले. काकाजींना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच. मी मुलीच्या पाठवणीसाठी थांबले, ते संध्याकाळच्या बसनं गेले, आणि दोनच दिवसांनी सकाळी काकूंचा फोन आला की रात्री झोपेतच गेले. पण त्या दुपारी ते धडधाकट होते. अंगभर धूळ, हातात कुणाची तरी लहानशी चंदेरी चप्पल, तिची दुसरी शोधत होते. मी ताट पुढे केलं तर त्यांनी ते हातानंच मागे सारलं.

"मले नाही म्हन्लं वं त्यानं," ते म्हणाले. "गुलाबले म्हन्लं जेव म्हनून. राग माह्यावर ठेवला, पेअरवर नाही. मले नाही म्हन्लं."

आणि हे सांगताना त्या माणसाचा चेहरा आनंदानं इतका फुलला होता की मी ताट हातात धरून त्यांच्याकडे पाहतच राहिले.